नवसाचं हेलिकॉप्टर

भवानी पेठ, सोलापूर
ता. २१ ऑगस्ट १९७७

चि. मानसिंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही मायलेक खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारावी तर होळीपासून तुझ्या हातची एक ओळ नाही. वच्छलाची कार्डं येतात, त्यात "यांना कामातून सवड नाही" एवढंच. सवड नाही म्हणे! बंगळूरचा कारभार काय तुझ्या एकट्याच्या डोक्यावर चाललाय? आधी पानंच्या पानं लिहायचास. शेपटाकडचा पंखा असा, डोक्यावरचा तसा. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, तरी मी सगळं वाचायचे आणि कुंडलिकलाही वाचून दाखवायचे.

नागपंचमी झाली. आदल्या दिवशी तुझ्या नावाचा उपास धरला. कारखान्यात उभ्यानं चादरींच्या घड्या घालताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर मुकादम म्हणतो, "बाई, तुमचा भाऊ एवढा शिकलेला, त्येला तुमच्या उपासाची काय गरज हाय?" मी म्हटलं, "त्येला नसंल, मला हाय."

माढ्याकडं तूर बरी आहे असं कळतं. शेजारच्या महादेवीकडं रेडिओ आलाय. तो दिवस उजाडायच्या आत सुरू होतो आणि आमच्या भिंतीचा पापुद्रा गळतो. महादेवी तुझी सारखी चौकशी करते. तू मला तुझं काम गुप्त म्हणून सांगितलंस, मी फक्त तिला सांगितलं, आणि आता पेठेत असं कुणी उरलं नाही ज्याला ते माहीत नाही. पण त्यात माझा दोष नाही, गुप्त गोष्ट बाईमाणसाला चार पानी पत्रातून सांगायचीच कशाला?

कुंडलिक रोज पहाटे मैदानावर पळायला जातो. येतो, तांब्याभर पाणी पितो, आणि ठरलेलं विचारतो, "आई, मामाचं हेलिकॉप्टर उडालं का?" मी म्हणते, "उडंल की. सरकारी काम, सहा महिने थांब." आधी तो हसायचा. हल्ली हसत नाही.

त्या नवसाच्या वेळी तू बाजूलाच उभा होतास, म्हणून तुला सगळं ठाऊक आहे. पोरगं मॅट्रिक झालं आणि भरतीला जातो म्हणून हटून बसलं. मी म्हटलं, एक माणूस पलटणीला दिला तेवढा पुरे. तो ऐकेना, आणि मी हो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायलाही तयार होईना. शेवटी रूपाभवानीपुढं हात जोडून मी बोलून गेले, "आई, माझ्या भावाचं यंत्र आभाळात उडू दे, मग मी माझ्या हातानं पोराला पलटणीत धाडीन." तू तेव्हा हसलास. माझ्या पोटात काय होतं ते तुला कळलं नव्हतं असं नाही.

एकाहत्तरच्या लढाईत तुझ्या दाजींना कालव्याच्या बांधापलीकडं तोफा कुठं आहेत ते बघून यायला धाडलं होतं. ते बघायला गेले आणि तिकडंच राहिले. तू मला तेव्हा म्हणालास, "अक्का, आम्ही असं हेलिकॉप्टर करतोय की दोन माणसं वरून सगळं बघतील. पायी कुणाला पुढं जावं लागणार नाही." म्हणून मी नवसात तेच घातलं. ते झालं तर माझा पोरगा नुसता बघायला म्हणून मरणार नाही. आणि व्हायला वेळ लागला तर तितका वेळ तो माझ्यापाशी.

आता कामाचं लिहिते. मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय.

तुझ्या खात्यातला शरणप्पा रजेवर अक्कलकोटला आला होता. जाताना आमच्याकडं डोकावला. मी शिरा केला, बस म्हटलं, मानसिंगचं कसं चाललंय ते सांग. तर तो खाली बघून म्हणाला, "अक्का, तुमाला म्हाईत न्हाई? आमचं हेलिकॉप्टर बंद झालं की. दिल्लीवरनं कागद आला. बारकं नको, मोठं पायजे म्हणे. मानसिंगला दुसऱ्या खात्यात टाकलं." मी विचारलं, कधी? म्हणाला, होळीच्या सुमाराला. कुंडलिक तेव्हा घरात नव्हता, हे देवाचे उपकार.

मला कळवलं का नाहीस, हे भांडण नंतर करू. आता माझं एक ऐक. कुंडलिकला पत्र लिही. लिही की काम चालू आहे, चाचण्या चालल्यात, अजून काही वर्षं लागतील. तुझ्या अक्षरात आलं की तो विश्वास ठेवील. पोलीस खात्यात नाहीतर रेल्वेत कुर्डुवाडीला त्याला चिकटवायचं माझं चाललंय. तेवढा वेळ मला दे. लगेच लिही. टपालवाला गल्लीत शिरला की मी हातातलं टाकून दारात येते.

तुझी,
अक्का


भवानी पेठ, सोलापूर
ता. ४ सप्टेंबर १९७७

मानसिंग,

आशीर्वाद आहेतच, ते काय रागानं कमी होतात? पण आज वर लिहिणार नाही.

तुझी दोन पाकिटं एकाच दिवशी आली. एक माझं, एक कुंडलिकचं. मी कारखान्यात होते. त्यानं त्याचं फोडलं होतं आणि उंबऱ्यावर बसून वाचलंही होतं. मी आले तेव्हा पत्र त्याच्या मांडीवर होतं. तू त्याला सगळं खरं लिहिलंस. यंत्र साखळदंडांनी जमिनीला बांधून नुसता पंखा फिरवून बघत होतात, ते कधी जमीन सोडून उठलंच नाही. कागद आला. आता ते शेडच्या मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. एवढं लिहायची काय गरज होती? आणि मला लिहितोस, "अक्का, खोटं लिहायला बसलो होतो. चाचणी चालू आहे, इतकं लिहिलं आणि पुढं हात चालेना." वा रे हात! बहिणीसाठी चार ओळी लिहायला चालेना. लहानपणी शाळा बुडवून विहिरीवर जायचास, तेव्हा आबांपुढं तुझ्यासाठी मी किती खोटं बोलले, ते मोजलं होतंस का?

कुंडलिक आधी काय म्हणाला ते सांगते. "मामाला लई वाईट वाटलं असंल गं." मग जरा वेळानं म्हणाला, "म्हंजी आता नवस फिटला की."

मी म्हटलं, "फिटला कसा? उडालंच न्हाय."

"आता उडणारच न्हाय. मग मी काय जलमभर हितंच बसू?"

"नवस नवस असतो."

"व्हय, पण नवसाला काय तरी शेवट असतो का न्हाय?"

आवाज वाढला तशी महादेवी आली. ती म्हणाली, "भांडताय कशाला? देवळात जाऊन पुजाऱ्याला इचारा. त्येंचं कामच त्ये हाय." मला पटलं. मंगळवारी आम्ही तिघं गेलो. मी वाटेत मनातल्या मनात देवीची विनवणी करत होते, आणि ती कशाची होती ते तुला सांगायला नको.

पुजाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. हेलिकॉप्टर हा शब्द त्याला दोनदा सांगावा लागला. मग म्हणाला, "देवीनं मागणं पुरवलं तर देणं लागतं. पुरवलं न्हाय, तर देणं न्हाय. बाई, तुमी मोकळ्या." मी लगेच कुंडलिककडं वळून म्हटलं, "ऐकलंस?" पायऱ्या उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

खालच्या पायरीवर तो थांबला. म्हणाला, "मोकळी तू झालीस. आन मी? उडालं असतं तर मला सोडायचं, न्हाय उडालं तर दावणीला बांधायचं. मी काय नवसाचा बोकड हाय का?"

बाया वळून बघायला लागल्या. माझा हात उठला, मानसिंग. मिशी फुटलेल्या पोराला मी देवळाच्या पायरीवर थोबाडीत मारली. तो हलला नाही. गाल चोळला नाही. "बरं," म्हणाला. "तू म्हणशील तसं." दुसऱ्या दिवसापासून तो पलीकडच्या गल्लीत यंत्रमागावर जायला लागलाय. मीच शब्द टाकून ठेवला होता तिथं.

म्हणजे मला हवं होतं ते झालं. तुझ्याशिवाय झालं. तेव्हा तू तुझा खरेपणा घालून ठेव तुझ्या त्या ताडपत्रीखाली.

हे पत्र इथंच संपवून चिकटवलं होतं. पुन्हा फोडलं.

शरणप्पा बोलला तेव्हा मला आनंद झाला होता. मला आधी कळलंच नाही तो आनंद आहे म्हणून. मी उठले, शिऱ्यात आणखी तूप घातलं, त्याला आग्रह करकरून वाढलं. तो बिचारा म्हणत होता, "अक्का, मानसिंग लई खचलाय, जेवत न्हाई धड." आणि मी त्याच्या ताटात शिरा वाढत होते. आत काहीतरी नाचत होतं माझ्या. तू इतकी वर्षं डोळे फोडून रेघा ओढल्यास, दाजींसाठी ओढल्यास, हे मला ठाऊक असताना. तुझं घर जळालं आणि मी त्यावर हात शेकले. राग तुझ्यावर काढतेय, पण तो मुळात तुझ्यावर नाही. तू जेवतोस का रे आता?

अक्का


भवानी पेठ, सोलापूर
ता. २५ सप्टेंबर १९७७

चि. मानसिंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू उत्तर पाठवलं नाहीस, वच्छलानं पाठवलं. बरं झालं. तू पाठवलं असतंस तर "झालं गेलं विसर, अक्का" एवढंच लिहिलं असतंस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

वच्छला लिहिते, त्या दिवशी तू नेहमीसारखा कामावर गेलास, तर तुमचे नकाशे काढायचे सगळे उतरते फळे भिंतीला तोंड करून उभे केलेले. साहेबानं कागद वाचून दाखवला आणि चहा मागवला. आपण केलेलं काम तोलून बघितलं आणि कमी भरलं, असं कुणी म्हटलं असतं तर तू सोसलं असतंस. पण दिल्लीत ठरवणाऱ्यांपैकी कुणीही येऊन यंत्राला हात लावून बघितलं नाही, कुणाला एका शब्दानं विचारलं नाही. "हेच त्यांच्या मनाला लागलंय," असं तिनं लिहिलंय.

ते पत्र मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. दिल्लीच्या त्या माणसांना मनातून पुष्कळ शिव्या दिल्या. दोन-तीन तर अशा होत्या की लिहिता येत नाहीत. आणि शिव्या देता देता माझ्या लक्षात आलं की मी कुणाला देतेय. पोराचं ठरवताना मी तरी त्याला कुठं विचारलं होतं?

कुंडलिक रोज मागावर जात होता. तक्रार नाही, धुसफूस नाही. वाढलं ते खायचा, पगार हातात आणून द्यायचा, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. पहाटेचं पळणं बंद. मी जागी होऊन वाट बघायची की आता उठेल, दार वाजेल. दार वाजायचं नाही, महादेवीचा रेडिओ तेवढा वाजायचा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "सोजरबाई, पोरगं मार्गाला लागलं, नशीब काढलंत." मी व्हय म्हणायचे. आणि घरी येऊन माझी भाकरी तशीच झाकून ठेवायचे. हवं ते मिळाल्यावर माणसाला इतकी तगमग होते, हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी सुट्टी संपून पुन्हा कामाला लागले, आणि हातातली घडी टाकून तशीच निघाले. मुकादम मागून ओरडत होता. मागाच्या शेडमध्ये शिरले. तिथं तो खडखडाट, शेजारचा माणूस बोलला तरी ऐकू जात नाही. कुंडलिकच्या कानाशी जाऊन मी ओरडले, "जायचंय का तुला पलटणीत?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि माग बंद केला. ते बघून बाकीच्यांनीही आपापले माग थांबवले. माझा आवाज मात्र तेवढाच मोठा राहिला, त्यामुळं सगळ्या शेडनं ऐकलं.

"जायचंय तर जा. नवसासाठी न्हाय. तुला जायचंय म्हणून जा."

तो पुसायला घेतलेलं फडकं हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "आन तू?"

"मी घड्या घालीन. मला काय धाड भरलीय?"

मग तो रडला. मागावरच्या माणसांनी तोंडं फिरवली. मी रडले नाही, मला रागच आलेला होता, कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

भरतीत तो पास झाला. छाती, उंची, पळणं, सगळ्यात. मी सारखी म्हणत होते, निदान डोळ्यांत तरी काही दोष निघू दे. डोळे त्याच्या वडिलांसारखे निघाले, लांबचं बघणारे. काल सकाळच्या गाडीनं गेला.

जाण्याआधीचं तुला सांगायचं आहे. महादेवीनं ताट तयार करून आणलं होतं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. ती सवाष्ण, तिनं ओवाळायचं, मी आतल्या दारात उभं राहायचं, असं न बोलताच ठरलं होतं. मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी याच घरात मी तुझ्या दाजींना ओवाळलं होतं, कपाळभर कुंकू लावून, सवाष्णीच्या हातानं. त्या हाताचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. मग सवाष्णीच्या हातानं तरी कुणाला राखलं?

मी पुढं झाले आणि महादेवीच्या हातातलं ताट घेतलं. ती म्हणाली, "सोजरबाई, आवो, असं करू नगासा, अपशकुन हुतोय." तिच्या मनात वाईट नव्हतं. ती घाबरली होती. मी म्हटलं, "ज्यानं त्येला जलम दिला त्यो हात अपशकुनी कसा?" कुंडलिक पाटावर बसलेला. त्यानं टोपी सारखी केली आणि मान खाली घातली.

मी त्याला कुंकू लावलं, मानसिंग. माझ्या बोटानं. तो हळूच म्हणाला, "आई, कुंकू नाकावर सांडलं की." मी म्हटलं, "मग काय दगड हाय का मी?" ओवाळलं. देवीकडं काही मागितलं नाही. मागायचं धैर्य नव्हतं, आणि तिच्याशी सौदा करायचं तर आता नावच नको.

मी शूर बिर झाले नाही, तसं समजू नकोस. कालपासून एका जागी बसवत नाही. भांडी घासून झालेली पुन्हा घासली. त्याला कुठं धाडतील, कधी कुठल्या बांधाकडं बोट करून "बघून या" म्हणतील, ते मला कळणार नाही. तुझं यंत्र असतं तर बरं झालं असतं रे. हे आज मी पहिल्यांदा मनापासून म्हणतेय. ते आभाळात उठायला हवं होतं. तू जे करत होतास ते चांगलं होतं, आणि ते बंद पाडलं म्हणून वाईट ठरत नाही. मोठ्या साहेबांनी तुला हे सांगितलं नाही, तर मी सांगते. मी सातवी शिकले आहे, पण त्या कामाची खरी गरज कुणाला होती, हे त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं.

दाजी गेल्यापासून दर दिवाळीला तू येतोस आणि भाऊबीजेला शेजारच्या महादेवीकडून ओवाळून घेतोस, मला वाईट वाटू नये म्हणून मला मुद्दाम स्वयंपाकघरात गुंतवून ठेवतोस. या वर्षी तसं चालणार नाही. ये, पाटावर बस. मी ओवाळणार आहे. ताटात काही घालू नकोस. फक्त ये, आणि माझ्यासमोर पोटभर जेव.

आता दोघांची वाट बघणारी,
तुझी अक्का